फुकट मिळालेल्या सॉफ्टवेअरचं देणं



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी बहुतेकांचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प लिनक्सवर चालला असेल. त्यात तुम्ही न लिहिलेल्या कितीतरी लायब्ऱ्या असतील. त्यांचे पैसे कुणी मागितले नाहीत. परवान्यात एक अट मात्र होती: सॉफ्टवेअर आहे तसं देत आहोत, हमी कसलीही नाही. ती अट सहसा कुणी वाचत नाही. मग काही बिघडलं की आपण थेट गिऱ्हाइकाच्या सुरात बोलू लागतो.

हा सूर कुठवर नेतो, याचं एक उदाहरण सांगतो. फिनलंडमधले लासे कोलिन ‘एक्सझेड’ नावाचं साधन वर्षानुवर्षं पगाराविना आणि जवळजवळ एकट्यानं सांभाळत होते. फायली दाबून लहान करणं हे त्याचं काम, आणि लिनक्सच्या बहुतेक वितरणांत ते असतंच. २०२२ मध्ये त्यांच्यामागे तक्रारींचा तगादा लागला. काम फार हळू चाललंय, पॅच (इतरांनी सुचवलेल्या दुरुस्त्या) पडून आहेत, जमत नसेल तर दुसऱ्याकडे सोपवा. कोलिन यांनी शांतपणे कळवलं की हे बिनपगारी, हौसेचं काम आहे आणि मनःस्वास्थ्याच्या अडचणींमुळे वेग मंदावला आहे. तगादा तरी चालूच राहिला. ‘जिया टॅन’ या नावानं कुणीतरी आधीपासूनच मदत करत होतं. नेमानं पॅच पाठवणारं, बोलायला सभ्य. थकलेल्या माणसानं हळूहळू त्याच्या हाती किल्ल्या दिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० आवृत्तीत त्या मदतनीसानं चोरदरवाजा बसवला होता. तगादा लावणारी नावंही त्याच कटातली असावीत, असा जाणकारांचा कयास आहे.

तो दरवाजा सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमधले अभियंता आणि पोस्टग्रेस या डेटाबेसच्या विकासातले जुने कार्यकर्ते. डेबियन या लिनक्स वितरणाच्या अस्थिर आवृत्तीवर काम करताना एसएसएचच्या, म्हणजे दूरच्या संगणकात शिरण्याच्या, लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. अर्ध्या सेकंदाकडे आपण सगळेच दुर्लक्ष करतो. त्यांनी माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळं पुराव्यासकट जाहीर केलं. मोठ्या वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत ते विष पोचण्याआधीच.

या प्रकरणावर बोलणारे बहुधा हेरगिरीबद्दल बोलतात. मला त्यातल्या तक्रारींच्या भाषेची जास्त भीती वाटते. ती भाषा हल्लेखोरांना नव्यानं घडवावी लागली नाही. खरेखुरे वापरकर्ते स्वयंसेवकांशी रोज तसंच बोलतात, म्हणून तेव्हा ती कुणाला खटकली नाही.

कंपन्याही मागे नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या मुक्त लायब्ररीतलं भगदाड उघड झालं. पुढच्याच महिन्यात एका बड्या कंपनीनं ‘कर्ल’ या माहिती आणण्या-पाठवण्याच्या साधनाचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग यांना प्रश्नांची यादी पाठवली आणि उत्तरासाठी चोवीस तासांची मुदत दिली. त्या कंपनीशी त्यांचा कसलाही करार नव्हता आणि कर्लमध्ये लॉगफोरजे वापरलेलंही नव्हतं. स्टेनबर्ग यांनी कळवलं की आधी सपोर्टचा करार करा, मग आनंदानं उत्तरं देतो. मला हे उत्तर फार आवडतं. त्यात राग नाही आणि लाचारीही नाही.

आपल्याकडच्या गणेश मंडळात आरतीला चारशे माणसं असतात, मांडव सोडायला चौघं. मुक्त सॉफ्टवेअरमध्येही तसंच आहे. नवा कोड लिहायला हात पुढे येतात, कारण त्यावर नाव लागतं. नवख्याच्या प्रश्नाला सहाव्यांदा उत्तर देणं, एकाच बिघाडाच्या दहा तक्रारी एकत्र लावणं, दुसऱ्याची अडचण आपल्या मशीनवर घडवून बघणं, ही कामं मेंटेनरच्या, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या, गळ्यात पडतात. तीच तुम्ही उचलू शकता आणि त्यासाठी तज्ज्ञ असावं लागत नाही. बिघाड कसा कळवावा, यावर ‘पुटी’ या प्रोग्रामचे कर्ते सायमन टॅथम यांनी १९९९ मध्ये लिहिलेला लेख जरूर वाचा. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, ते जसंच्या तसं सांगावं आणि आपला तर्क वेगळा ठेवावा. फ्रॉइंड यांनी हेच केलं होतं. एआयकडून लिहून घेतलेला, स्वतः न पडताळलेला अहवाल मात्र कृपा करून पाठवू नका. तो खोटा ठरवण्यात कुणाची तरी संध्याकाळ जाते.

मराठी जाणणाऱ्यांवर आणखी एक काम आहे. अँड्रॉइड, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिसमध्ये जोडाक्षरं जुळवण्याचं काम ‘हार्फबझ’ ही मुक्त लायब्ररी करते. ‘वऱ्हाड’मधला र तुटला, तर ते बर्लिनमधल्या प्रोग्रामरच्या डोळ्यांना दिसणार नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे छोटे धडे मराठीतही आहेत, ते कुणीतरी बसून मराठीत आणले म्हणून. मदत करणं म्हणजे हेही.

पैशाचं बोलायला हवं, कारण नुसत्या सौजन्यानं कुणाचं घर चालत नाही. २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचं भगदाड उघडकीस आलं, तेव्हा जगातल्या कितीतरी सुरक्षित व्यवहारांना टेकू देणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीच्या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणग्या मिळत होत्या. भारतात झिरोधा या शेअर दलाली कंपनीनं २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. असं करणाऱ्या कंपन्या अजून थोड्याच आहेत.

तुमच्यातले बरेच जण लवकरच कामावर रुजू होतील. बूड स्थिरावलं की आपल्या वरिष्ठांना विचारा: आपलं उत्पादन कुणाकुणाच्या फुकट मेहनतीवर उभं आहे, आणि त्यांना आपण काय देतो? ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं, तर आठवड्यातले दोन तास त्या कामासाठी मागून घ्या. नाही मिळाले, तर पुन्हा मागा.