दुःख एकदाच सांगावं लागावं
(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



पत्रिकेवर माझा विषय ‘शासकीय योजना आणि स्थानिक संस्था’ असा छापलाय. योजनांची यादी मी वाचणार नाही. निराधार, श्रावणबाळ, बालसंगोपन ही नावं इथे कुणाला नवी नाहीत. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फॉर्म भरून दिलेत. मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि जिथे बोलावतील तिथे मी तीच सांगते. संकटातल्या माणसाला आपलं दुःख एकदाच सांगावं लागलं पाहिजे.

आमचं केंद्र बाजारपेठेत दोन खोल्यांत चालतं. तिथे पैसे मिळत नाहीत, धान्य मिळत नाही. आलेल्या माणसाला आम्ही पाणी देतो, बसवतो, काय झालं ते विचारतो आणि वहीत लिहून घेतो. मग कुठल्या दाराशी जायचं ते ठरवतो आणि बरोबर जातो.

नवरा गेलेल्या बाईला किती दारं असतात, मोजा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून. निराधारचे महिना १,५०० रुपये तहसीलमध्येच, पण दुसऱ्या टेबलावर. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस साठीच्या आत गेला, तर कुटुंबलाभ योजनेचे एकरकमी २० हजार. त्याचा अर्ज निराळा. पोरांच्या बालसंगोपनासाठी जिल्ह्याच्या गावी. सासरच्यांनी घराबाहेर काढलं तर कोर्टातली विधी सेवा समिती. १९८७ च्या कायद्याने बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. आणि प्रत्येक दारात पहिला प्रश्न एकच: काय झालं? ती पुन्हा पहिल्यापासून सांगते. तिसऱ्या दारापर्यंत तिचा आवाज सपाट झालेला असतो, पाचव्या दारापर्यंत ती पोचत नाही.

निराधारला वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं, म्हणजे महिना १,७५० रुपये. त्यावर बोलायला लागले तर आजची संध्याकाळ पुरायची नाही, ते सोडते.

एका ताईंचं सांगते. नाव सांगत नाही. पावसाळ्यात आल्या, कडेवर एक पोर, हाताशी दुसरं. नवरा छातीत दुखतंय म्हणाला आणि रात्रीत गेला. चार महिने त्या निराधारच्या अर्जामागे फिरत होत्या आणि प्रत्येक वेळी अर्ज परत येत होता, कारण आधारवर माहेरचं नाव, बँकेच्या पासबुकावर सासरचं. आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांनी कापडी पिशवी टेबलावर उपडी केली. पोलिओच्या डोसाचं कार्ड, विजेची बिलं, जुन्या शिधापत्रिकेचं पान आणि लग्नाची पत्रिका. (हशा.) हसू येणारच. पण तीच पत्रिका पुढे कामाला आली. माहेरचं नाव आणि सासरचं नाव एकाच बाईचं आहे, हे दाखवणारा त्या पिशवीतला तेवढा एकच कागद होता. लग्नाला आलेले दोघे साक्षीदार आम्ही शोधून काढले, प्रतिज्ञापत्र केलं, आधारवरचं नाव बदलून घेतलं.

पण सांगायचं होतं ते वेगळंच. त्या बोलत होत्या, आमची कार्यकर्ती लिहीत होती. मधेच ताई म्हणाल्या, “त्या दिवशी स्लॅब टाकायचा होता, म्हणून ते दवाखान्यात गेले नाहीत.” कार्यकर्तीने पेन थांबवलं. नवरा गवंडी होता! चार महिन्यांत एकाही खिडकीवर कुणी विचारलं नव्हतं, तो काम काय करायचा. तिने विचारलं, त्यांचं मंडळाचं कार्ड होतं का? घरी पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचं कार्ड निघालं, त्या वर्षीचं नूतनीकरण केलेलं. नोंदणी चालू असलेला कामगार नैसर्गिक मृत्यूने गेला तर वारसाला दोन लाख मिळतात, कामावर असताना गेला तर पाच. बाई १,५०० साठी फिरत होती आणि दोन लाखांचा हक्क पेटीत पडून होता. मिळायला अकरा महिने लागले, पण मिळाले.

समोर महसूल खात्यातून निवृत्त झालेली मंडळी बसली आहेत, त्यांच्या कपाळावर आठी दिसतेय. साहेब, माझा राग खिडकीतल्या माणसावर नाही. तुमच्या टेबलावर फाइलींचा ढीग असतो, आणि अर्जात नवऱ्याच्या कामाचा रकाना नसेल तर तुम्ही तो प्रश्न विचारणार कधी? (एक आवाज: पण लोकांना सवय लागेल!) कसली सवय? बरोबर कुणीतरी असण्याची? माझी आई आजारी पडली तेव्हा आम्ही तिघं भावंडं तिच्याबरोबर दवाखान्यात होतो. त्याला कुणी सवय लावणं म्हटलं नाही. (टाळ्या.)

हे नवं नाही. १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. मारहाण झालेली बाई पोलिसांकडे येते, मग समाजसेविकेने तिथेच बसावं, एवढी साधी कल्पना. पुढे ती शासनाने राज्यभर नेली. तहसील कचेरीत असं एक टेबल का नसावं? एक माणूस, एक वही. एकदा ऐकायचं, आणि ती वही पुढच्या प्रत्येक दारात बाईच्या आधी पोचली पाहिजे.

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं राहिलीत. दवाखान्यांचा भाग राहिलाच, पण एवढं घरी घेऊन जा: धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. बिल भरायच्या आधी तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा.

आता मागणं. आमच्याकडे ऐकणारी माणसं चार आहेत आणि बाजाराच्या दिवशी तीस-पस्तीस जण येतात. कायदा माहीत नसला तरी चालेल, तो आम्ही शिकवू. तासभर मधे न बोलता ऐकता आलं पाहिजे आणि अक्षर वाचता येईल असं हवं. निवृत्त साहेबांनी तर जरूर यावं, कुठली फाइल कुठे अडकते ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. जाताना नाव, फोन आणि आठवड्यातला कुठला दिवस मोकळा आहे, तेवढं लिहून जा.