आकडा बरोबर होता



माझ्या भाचीचा लहानपणापासून घोळणा फुटायचा. आमची अम्मी तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवायची, कांदा हुंगायला द्यायची. अंगावर काळेनिळे डाग दिसले, की 'पडली असेल कुठेतरी' म्हणून विषय मिटायचा. एकदा रक्त तपासलं. प्लेटलेट दोन लाख चाळीस हजार! डेंग्यूच्या साथींनी प्लेटलेटचा आकडा वाचायला आपल्या सगळ्यांनाच शिकवलंय. आकडा चांगला होता. आम्ही निर्धास्त झालो.

पंधराव्या वर्षी ती जिना चढताना धापा टाकू लागली. हिमोग्लोबिन सहावर आलेलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्यांनी शौचाला काळं होतं, हे तिला सांगितलं होतं. त्यामुळे काळं होऊ लागलं तेव्हा ते गोळ्यांमुळेच, असं तिनं धरलं. असल्या गोष्टी आपल्याकडे बोलतं कोण? दोन महिन्यांनी ती मोरीत चक्कर येऊन पडली. तेव्हा एका डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा विचारलं, "बेटा, नुसतं काळं होतं, की डांबरासारखं चिकट, चकचकीत आणि फार घाण वासाचं?"

भाची म्हणाली, "मामू, तुम्ही जरा बाहेर थांबा ना."

मी बाहेर थांबलो. दुर्बिणीतून तपासलं तेव्हा जठराच्या अस्तरातून रक्त पाझरताना दिसलं. मग रक्ताची वेगळी चाचणी झाली. प्लेटलेट किती आहेत हे नव्हे, तर त्या एकमेकींना चिकटतात का, हे पाहणारी. चिकटत नव्हत्या.

या आजाराला ग्लान्झमनचा थ्रॉम्बॅस्थेनिया म्हणतात. १९१८ साली स्वित्झर्लंडमधले बालरोगतज्ज्ञ एडुआर्ट ग्लान्झमन यांनी त्याचं वर्णन केलं. जखम झाली, की प्लेटलेट फायब्रिनोजेन नावाच्या प्रथिनाच्या आधारानं एकमेकींना धरतात आणि बांध घालतात. ते धरणारं प्रथिन या रुग्णांच्या प्लेटलेटवर नसतं किंवा निकामी असतं. हजेरीपटावर मजूर पुरे, पण एकालाही हात नाहीत! नाक, हिरड्या, मासिक पाळी इथला रक्तस्राव निदान दिसतो. पोटातला त्या मानानं कमी वेळा होतो. पण जोरात झाला तर जिवावर बेततं, आणि थेंबथेंब झाला तर कळतच नाही.

दोष आई आणि बाप दोघांकडूनही आला, तरच हा आजार होतो. असे आईबाप स्वतः बहुधा धडधाकट असतात, आणि प्रत्येक अपत्याला चारांत एक एवढा धोका असतो. जवळच्या नात्यात लग्न झालं, की दोघांकडे तोच दोष असण्याची शक्यता वाढते. माझी बहीण फुफीच्या घरी दिली. 'घरातली पोर घरात राहील' म्हणत तो रिश्ता मीच जुळवला होता. मामाची मुलगी करण्याची रीत केवळ आमच्यातच नाही, हे तुम्हीही जाणता.

आज भाची सत्तावीस वर्षांची आहे, नोकरी करते. आजाराचं नाव लिहिलेलं कार्ड पर्समध्ये असतं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन वर्ज्य. दात काढायचा तरी आधी रक्तविकारतज्ज्ञांना विचारायचं. रक्तस्राव वाढला तर प्लेटलेट चढवतात, पण जपून. कारण पुन्हापुन्हा चढवल्या, तर शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं आणि मग त्या उपयोगी पडत नाहीत.

बहिणीनं मला एकदाच विचारलं होतं, "भाईजान, हे आधी कुणी सांगितलं असतं तर?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. म्हणून आज तुम्हाला सांगतोय. घरातल्या एखाद्या मुलाचा घोळणा वरचेवर फुटत असेल, अंगावर उगाच डाग उठत असतील, रक्त सारखं कमी होत असेल, तर नुसत्या आकड्यावर विसंबू नका. डॉक्टरांना दाखवा. नात्यातलं लग्न असेल तर तेही सांगा. आणि शौचाला काळं होतं का, हे लाज न बाळगता विचारा. मुलांना बोलायला जड जात असेल, तर आपण थोडा वेळ बाहेर थांबू.