आमचा दादा आणि त्याची गाड्यांची चित्रं



विहार समितीने आम्हा भावंडांना आमच्या कालकथित दादाविषयी दोन शब्द बोलायला सांगितलं. दादा गाड्यांचं डिझाइन करायचा, हे वस्तीत बहुतेकांना ठाऊक आहे. पण म्हणजे नेमकं काय करायचा, हे आम्हालाही फार उशिरा कळलं. आई शेवटपर्यंत सांगायची, "पोरगा कंपनीत चित्रं काढतो." तिचं काही चुकत नव्हतं.

उस्मानपुऱ्यात आम्ही वाढलो. शाळेत असतानाच दादा एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या दोन्ही परीक्षा पास झाला, पुढे इथल्याच शासकीय चित्रकला महाविद्यालयात शिकला. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि आसपासची पोरं तिकडे कामाला लागली. दादा मात्र पुण्याला गेला, एका वाहन कंपनीच्या ड्रॉइंग खात्यात.

गाडी आधी कागदावर तयार होते. दादा सांगायचा, पहिल्यांदा बाजूने दिसणारी गाडी काढायची, त्यातही आधी दोन चाकं. चाकांमधलं अंतर इंजिनिअर लोकांनी ठरवलेलं असतं, ते आपल्याला हलवता येत नाही. पसंत पडलेलं चित्र मग भिंतीवर खऱ्या गाडीएवढं करायचं, तेही काळ्या चिकटपट्टीने. रेघ पटली नाही की पट्टी उचलून दुसरी लावता येते. त्यानंतर खास माती भट्टीत मऊ करून तिचा नमुना. त्यावर चकचकीत कागद चढवून ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघायचं. ते कुठे तुटलं, वाकडं झालं, की तिथे पत्र्याचा आकार फसला. ह्या सवयीने दादा रस्त्यात कुणाच्याही गाडीच्या बॉनेटवर वाकून, एक डोळा मिटून बघत राहायचा. बरोबर असलो की आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं!

एवढं असून "ही गाडी मी केली" असं तो कधी म्हणाला नाही. एका गाडीला शेकडो हात लागतात. म्हणून आम्हीही इथे तसं म्हणणार नाही. उलट तो नाव घ्यायचा ते इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींचं. त्यांनी १९४९ साली 'मीरा' नावाच्या छोट्या मोटारीचं पहिलं मॉडेल स्वतः तयार केलं आणि पुढे वर्षानुवर्षं त्यात सुधारणा करत राहिले. कारखान्यातून ती कधी विक्रीला आली नाही. २००८ च्या जानेवारीत टाटांची नॅनो लोकांसमोर आली, त्या दिवशी दादाचा फोन आला तो 'मीरा'विषयी बोलायलाच.

पण आमच्या मते त्याचं मोठं काम वेगळंच. गाडीबरोबर सुट्या भागांचं पुस्तक निघतं, त्यातली चित्रं तो काढायचा. गिअरबॉक्स घ्या. त्यातला प्रत्येक दात्याचा गोळा, वॉशर, सर्क्लिप आपापल्या जागेवरून सरळ रेषेत बाहेर ओढल्यासारखी दाखवायची आणि तिला नंबर द्यायचा. कशामागून काय बसतं ते एका नजरेत कळलं पाहिजे. असं एक पान रॉट्रिंग पेनाने काढायला त्याला कितीतरी दिवस लागत. पेनाची बारीक निब सारखी तुंबायची, तेव्हा त्याच्या तोंडाला कुणी लागायचं नाही. पुस्तकावर कंपनीचा शिक्का असे, चित्रकाराचं नाव कुठेच नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वहिनींनी त्याची पेटी उघडली. आपल्या वस्तीतले एक मेकॅनिक काका कागद चाळता चाळता थांबले. म्हणाले, "हे पान आमच्या उस्तादाच्या भिंतीवर होतं. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं. ह्याच्यावरून गिअरबॉक्स खोलायला अन् बांधायला शिकलो मी." काका आमच्याच गल्लीत राहणारे. दादा सुट्टीत आला की त्यांच्याच ओट्यावर चहा प्यायचा. दोघांनाही पत्ता नव्हता.

वहिनींनी ती पेटी आता विहाराच्या वाचनालयाला दिली आहे. बटर पेपर पिवळे पडलेत, घडीवर फाटतात. तेव्हा मुलामुलींनी रविवारी सकाळी यावं, हात धुऊन, कोरडे करून यावं. आमच्यापैकी कुणीतरी तिथे बसलेलं असेल. काकाही येतो म्हणालेत, ते गिअरबॉक्सचं पान समजावून सांगतील.