उपग्रहातून दिसलेली दिवाळी



गमतीची बातमी हाती आली की ती मित्रांना सांगितल्यावाचून चैन पडत नाही. पूर्वी ती कट्ट्यावर सांगितली जाई, आता मोबाईलवरून धाडली जाते. ‘दिवाळीच्या रात्री अंतराळातून दिसणारा भारत’ हे चित्र आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. निळ्या, हिरव्या, तांबड्या दिव्यांनी लखलखणारा देश! मीही ते भराभर मित्रांना पाठविले. बातम्या पारखण्यात उभी हयात गेलेला मी. पण ऊर भरून आला आणि पारख राहून गेली.

वस्तुस्थिती निराळी आहे. ते चित्र अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेतील ख्रिस एल्विज या शास्त्रज्ञाने २००३ मध्ये तयार केले. १९९२ पूर्वीपासून दिसणारे नगरदीप पांढरे. १९९२, १९९८ आणि २००३ मध्ये नव्याने दिसू लागलेले अनुक्रमे निळे, हिरवे, तांबडे. म्हणजे तो एका रात्रीचा सोहळा नव्हे, वाढत्या लोकवस्तीचा नकाशा होय. ‘नासा’ने २०१२ मध्ये हा खुलासा केला. दिवाळीच्या रोषणाईने पडणारी भर अंतराळातून जाणवण्याइतकी नसते, हेही सांगितले.

मला तर ही हकीकतच अधिक रंजक वाटली. आपला जिल्हा कोणत्या रंगात आहे, हे शोधण्यात आम्ही घरच्या मंडळींनी एक संध्याकाळ घालविली.

ज्यांना चित्र धाडले होते, त्या सर्वांना खुलासाही धाडला. दोघांचे उत्तर आले. ‘ठाऊक होते रे, पण चित्र छान आहे!’ असे एकाने कळविले. दुसऱ्याने तेच चित्र, यंदाच्या दिवाळीचे म्हणून, मलाच परत पाठविले.