मूल ही जिंकण्याची वस्तू नव्हे

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



न्यायालयांचे वार्तांकन करताना कुटुंब न्यायालयाच्या व्हरांड्यात मी अनेक दिवस काढले. तेथील एक प्रसंग आजही डोळ्यांपुढून हलत नाही. सहा-सात वर्षांचा एक मुलगा बाकावर बसला होता. एका बाजूला आई आणि आजोळची मंडळी, दुसऱ्या बाजूला वडील. वडिलांनी खाऊचा पुडा पुढे केला. मुलाने पुड्याकडे पाहिले, मग आईकडे पाहिले आणि पुढे केलेला हात मागे घेतला. निकाल कोणाच्याही बाजूने लागो, ते मूल त्या क्षणीच हरले होते.

आपण सहज ‘मुलाचा ताबा’ म्हणतो. ताबा घरादाराचा, जमिनीचा घ्यायचा असतो. मुले ही आईवडिलांची मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली रोझी जेकब खटल्यात बजावले. त्याच निकालाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. ताब्याचे आदेश कायमचे नसतात. मुलाच्या हितासाठी ते बदलता येतात. म्हणून पहिल्याच आदेशाने कोणी हताश होऊ नये आणि विजयोत्सवही करू नये.

कायद्याची चौकट थोडक्यात सांगतो. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमानुसार नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्यानंतर आई. मात्र ‘नंतर’ याचा अर्थ केवळ वडिलांच्या मृत्यूनंतर असा नाही, हे गीता हरिहरन खटल्यात १९९९ साली निश्चित झाले. पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहते. परंतु या सर्वांच्या वर कलम १३ आहे : मुलाचे कल्याण हाच सर्वोच्च निकष. कोण अधिक कमावतो, एवढ्यावर निकाल लागत नाही.

अर्ज कोठे करायचा? घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली तेथेच अंतरिम आदेश मागता येतो. एरवी १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमानुसार, मूल जेथे सामान्यतः राहते तेथील न्यायालयात. मूल रातोरात परगावी हलवल्याने प्रश्न सुटत नाही, उलट चिघळतो. वकिलाचा खर्च झेपणार नाही म्हणून कोणी भगिनी गप्प बसली असेल, तर तिला सांगा : १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत विधी साहाय्य मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

महाराष्ट्रात १९८९ साली पुणे व मुंबई येथे कुटुंब न्यायालये सुरू झाली. आधी समेटाचा प्रयत्न करणे हे या न्यायालयांचे कर्तव्यच आहे. समुपदेशकासमोर बसून भेटीचे वेळापत्रक ठरवा. वार, वेळ, सुट्ट्या, सणवार, फोन, शाळेची फी, सारे लिहून काढा. ‘अधूनमधून भेटू द्यावे’ अशा मोघम वाक्यातूनच पुढची भांडणे उगवतात. यशिता साहू खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने भेटीचा तपशील स्पष्ट नमूद करण्याचा आणि दूर असलेल्या पालकाशी व्हिडिओद्वारे बोलणे होऊ देण्याचा आग्रह धरला. आई व वडील दोघांचे प्रेम मिळणे हा मुलाचा हक्क आहे.

अर्थात, जेथे मारहाण वा छळ आहे तेथे समजुतीचे डोस पाजू नयेत. भेट मुलाला अपायकारक ठरणार असेल, तर कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम २१ नुसार दंडाधिकारी ती नाकारतात.

आता आपल्याविषयी. कार्यकर्ते म्हणून आपण घरोघरी जातो. असे घर दिसले की आपण कोणता तरी पक्ष घेऊन मोकळे होतो. आजी-आजोबा, मामा, काका हेच पुष्कळदा आगीत तेल ओततात. ‘तुला कोण जास्त आवडतं?’ हा प्रश्न मुलाला कधीही विचारू नका. त्याच्या हाती निरोप पाठवू नका. भेटीच्या दिवशी त्याला न्हाऊमाखू घालून वेळेवर पाठवा आणि परतल्यावर उलटतपासणी घेऊ नका.

पतिपत्नीचे नाते न्यायालयात संपू शकते. आईपण आणि बापपण संपत नाही. त्या मुलाला खाऊ घ्यायला एवढेच हवे होते, की आईने हसून म्हणावे, “घे रे बाळा!” हे वाक्य कोणताही न्यायाधीश आदेशात लिहू शकत नाही. ते घरातूनच यावे लागते.