अंबाडीची भाजी आणि आपला वारसा

(मुकुटबन येथील विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





वारशावर बोलायचं तर मी सुरुवात चुलीपासून करतो. आपल्या भागात अंबाडीची भाजी कोण खात नाही? मराठी घरात ती अंबाडी, तेलुगू घरात गोंगुरा, आणि आमच्या दखनी बोलणाऱ्या घरात अंबाड्याची खट्टी भाजी. कुणी तीत डाळ घालतं, कुणी गोश्त. सोबत ज्वारीची भाकर मात्र सगळ्यांची. पाला एकच, काळी जमीनही एकच.

तरीही याच जमिनीवर वाढलेल्या आमच्या मुलीला कुणीतरी म्हणतं, "मुसलमान असून मराठी किती छान बोलतेस!" म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण ती पोर घरी येऊन विचारते, "अब्बा, मग मी कोणती भाषा बोलायला पाहिजे होती?" आज मला या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे.

असा प्रश्न पडणारी मुलं जगात इतरत्रही आहेत. अमेरिकेत मेक्सिको, ग्वाटेमाला अशा देशांशी नातं असलेल्या लोकांना 'तुम्ही बाहेरचे' असं ऐकावं लागतं. खरं तर त्यांतल्या काहींचे पूर्वज अमेरिकेची सरहद्द तिथवर पोहोचण्याआधीपासून तिथे राहत होते. तिथे १९६८ मध्ये या लोकांच्या वारशाचा आठवडा सुरू झाला, १९८८ मध्ये त्याचा महिना झाला. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. चित्रं, गाणी, खाणं आणि समाजातल्या कर्तबगार माणसांची ओळख. मला ही कल्पना आवडते. पण आपण साजरं काय करायचं?

पहिली गोष्ट, कला. कला म्हटलं की आपल्याला ताजमहाल आठवतो. अरे, जातं आठवा! मराठी बायांनी जात्यावर ओव्या गायल्या, तशीच दखनीतही जात्यावरची गाणी आहेत. विजापूरकडच्या सूफींनी तर बायांसाठी 'चक्कीनामे' रचले. पीठ दळता दळता अल्लाहचं नाव घ्यायचं. आणि आपला जिल्हा कापसाचा. इथल्या घराघरांतल्या गाद्या पिंजाऱ्यांनी भरल्या. पिंजणाच्या तारेचा तो आवाज हीसुद्धा आपली कला आहे. मात्र त्याच पिंजाऱ्याला आपल्याच बिरादरीत कमी लेखलं गेलं, हेही कबूल करू. स्वतःच्या घरातली उच्चनीचता झाकून वारसा साजरा होत नाही.

दुसरी गोष्ट, माणसं. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी १६४५ मध्ये मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. म्हणजे मुसलमानानं मराठीत लिहिणं ही कालपरवाची गोष्ट नाही. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे आपले शाहीर अमर शेख. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजानं मैदानं भरली. ज्या राज्यात कुणी आपल्याला पाहुणे समजतं, ते राज्य मिळवण्यासाठी आपला माणूस गायला आहे. आणि हमीद दलवाई. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांच्यासोबत सात मुस्लिम महिला मुंबईत विधानभवनावर गेल्या. तोंडी तलाक, बहुपत्नीत्व याविरुद्ध त्यांनी मोर्चा काढला. फक्त सात जणी! समाजानं त्यांना दूषणं दिली. पुढे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका दमात तीनदा दिलेला तलाक रद्दबातल ठरवला. आदर्श माणसं आपल्याला नेहमी बरं वाटेल असंच बोलतील, असं नाही.

फातिमा शेख यांचं नाव मी मुद्दाम शेवटी घेतो. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांचा उल्लेख आहे. आपण आजारी असल्यामुळे फातिमाला त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्याचा आशय. याखेरीज त्यांच्याविषयी लेखी फार थोडं मिळतं. म्हणून त्यांच्या नावावर किस्से रचू नका. जेवढं खरं आहे तेवढंच खूप मोठं आहे. उलट असं विचारा, की एवढं काम करणाऱ्या बाईची नोंद इतकी थोडी का राहिली? कारण बायांचं काम लिहून ठेवावं, असं कुणाला वाटलंच नाही.

ती चूक आपण पुन्हा करायची नाही. विद्यार्थ्यांनो, तुमच्या हातात मोबाईल आहे. आजच घरी जाऊन नानीला, आजीला बसवा. तिची गाणी रेकॉर्ड करा. ती अंबाडी कशी शिजवते ते लिहून घ्या. शेजारच्या कोलाम, गोंड, तेलुगू घरातल्या आजीकडेही जा. ही वही शाळेत ठेवा.

आणि पालकांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. फातिमा शेख यांचा फोटो भिंतीवर लावून आपल्या मुलीची शाळा दहावीला बंद करणार असाल, तर तो फोटो लावू नका. गावात कॉलेज नसेल तर वणीला पाठवा, पांढरकवड्याला पाठवा. भीती वाटत असेल तर चार घरच्या मुली मिळून पाठवा.

त्या पोरीला माझं उत्तर हे आहे: बेटा, तू तुझीच भाषा बोललीस. आता त्याच भाषेत शिक, लिही, आणि चुकलं तर आम्हालाही सुनाव.

जय संविधान!