एका आज्ञेची अनेक नावे
(भाषणाचा मजकूर)



बडोदे आणि वडोदरा ही एकाच शहराची नावे आहेत, हे ज्यास ठाऊक आहे त्याची वाट चुकत नाही. परगावच्या प्रवाशाच्या हाती मात्र जुने वेळापत्रक असेल आणि स्थानकावरील पाटी नवी असेल, तर तो गोंधळून जातो. दोन नावे असणे हा दोष नव्हे. दोन्ही एकाच ठिकाणची आहेत ही नोंद कोठेच नसणे, हा दोष होय. संगणकाच्या क्षेत्रातही नेमकी हीच अडचण उद्भवते.

संगणकास द्यावयाच्या सूचनांच्या संचास आज्ञावली म्हणतात. तीत चूक राहिली, तर ती हुडकण्यासाठी 'डीबगर' म्हणजे दोषशोधक वापरतात. 'जीडीबी' हा असाच एक विख्यात दोषशोधक. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये तो प्रथम लिहिला. चालती आज्ञावली हव्या त्या ठिकाणी थांबवून तिच्या पोटात काय चालले आहे, हे तो दाखवितो.

थांबलेली आज्ञावली कोणकोणत्या टप्प्यांतून तेथवर आली, हे 'बॅकट्रेस' या आज्ञेने कळते. याच आज्ञेस 'बीटी', 'व्हेअर', 'इन्फो स्टॅक' आणि 'इन्फो एस' अशी आणखी चार नावे आहेत. शिवाय दुसऱ्या आज्ञेशी घोटाळा होणार नसेल, तर कोणतीही आज्ञा सुरुवातीच्या काही अक्षरांनीच लिहिता येते. एवढी मुभा असताना प्रत्येक संक्षेपाची वेगळी नोंद ठेवणे पुष्कळदा अनावश्यक ठरते. सरावलेल्यास ही नावे सोयीची वाटतात. नवशिक्या विद्यार्थी मात्र पाच नावे म्हणजे पाच साधने समजतो आणि नसलेला फरक शोधीत बसतो.

मग जास्तीची नावे एकदम काढून का टाकू नयेत? कारण असे की, अनेकांनी आपापल्या कामाच्या आज्ञा पूर्वीच लिहून ठेविलेल्या असतात. जुने नाव नाहीसे होताच ती लिखिते निरुपयोगी होतात. यावर 'जीडीबी'ने स्वीकारलेला मार्ग समंजस आहे. दोषशोधकाने दाखविलेला मजकूर फाइलीत उतरवून घेण्यासाठी पूर्वी 'सेट लॉगिंग ऑन' अशी आज्ञा होती. २०२२ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीत तिच्या जागी 'सेट लॉगिंग एनेबल्ड ऑन' ही आज्ञा आली. जुनी आज्ञा लगेच रद्द झाली नाही. ती देणाऱ्यास, ही आज्ञा आता कालबाह्य असून तिच्याऐवजी अमुक वापरावी, अशी ताकीद पडद्यावर मिळू लागली. शासकीय परिपत्रकात पूर्वीचे परिपत्रक अधिक्रमित केल्याचा उल्लेख असतो, तसाच हा प्रकार.

परंतु पडद्यावर ताकीद आली म्हणून पुस्तके आपोआप सुधारत नाहीत. आज्ञेची माहिती दोषशोधकाच्या अंतर्गत साहाय्यात असते, स्वतंत्र माहितीपुस्तिकेत असते आणि शिक्षकांच्या टिपणवहीतही असते. यांपैकी एक बदलले आणि बाकीचे तसेच राहिले, तर विद्यार्थी पुस्तकातील आज्ञा जशीच्या तशी देतो, पडद्यावर निराळेच उत्तर येते आणि चूक आपलीच असे समजून तो खचतो. चूक वास्तविक कागदाची असते. तिचा भार मात्र शिकणाऱ्याच्या आत्मविश्वासावर पडतो.

म्हणून तीन गोष्टी पाळणे हितावह आहे. प्रत्येक टिपणावर ते कोणत्या आवृत्तीस अनुसरून आहे, हे लिहावे. प्रथम आज्ञेचे मुख्य नाव शिकवावे आणि पर्यायी नावे त्याखालीच एकत्र द्यावीत. पुस्तक व पडदा यांत विसंगती आढळल्यास 'हेल्प' ही आज्ञा देऊन खात्री करून घ्यावी. 'जीडीबी' ही मुक्त आज्ञावली असल्याने तिच्या पुस्तिकेतील चूक कोणासही कर्त्यांच्या नजरेस आणून देता येते, अगदी विद्यार्थ्यासही.

गावात नवा रस्ता झाला, की जुन्या वाटेच्या तोंडाशी पाटी लावतात. ती पाटी लावणे हे रस्ता बांधण्याइतकेच आवश्यक काम आहे.